अक्का, मी घटी बसणार नाही

प्रिय अक्का,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर तू गेल्यापासून तुझा रागच जास्त येतो. शिमग्यात तू गेलीस. मग पाऊस आला, बाजरी निसवली, आता काढणीला आली, तरी राग काही उतरत नाही.

आज लिहायला बसले, कारण घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्यात. आमचे हे गोठ्यात जाऊन बसलेत. उद्या घटस्थापना. तुझ्या जागी देवळात घटी बसायचा मान मला द्यायला सकाळी पंच नारळ घेऊन आले होते, आणि मी भर ओसरीवर, पाच माणसांत, जे बोलू नये ते बोलले. काय बोलले ते सांगते. पण आधी तुझं. आता तुला ऐकावंच लागेल. मध्येच उठून चुलीकडं जाता येणार नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा थोरली जाऊ म्हणून तुला अहो-जाहो करत होते, आठवतं? पहिल्याच आठवड्यात म्हणालीस, "मला अहो म्हनू नगं. मी काय तुजा नवरा हाय?" साऱ्या बाया हसल्या. तेव्हापासून एका चुलीवर भाकरी केल्या, एका जात्यावर दळलं, एकीचं बाळंतपण दुसरीनं काढलं. तुझ्या शालनची नाळ कापली तेव्हा दिवा मी धरला होता. मग माझ्यापासून लपवायचं काय राहिलं होतं गं? मी काय आत्याबाईंसारखी सासू होते तुझी?

सगळं त्या मानापायी. आत्याबाईंचे गुडघे धरले, देवळाच्या पायऱ्या चढवेनात, आणि मान तुझ्याकडं आला. पाळी गेलेल्या बाईनंच घटी बसायचं, ही आपल्या घराण्याची रीत. नऊ दिवस देवळातच राहायचं, घटाला पाणी घालायचं, दिवा विझू द्यायचा नाही, पोटाला फराळ तेवढा. तुझी पाळी तेव्हा गेलेली होती. किती खूश होतीस! हिरवं लुगडं नेसून निघालीस तेव्हा मी म्हटलं, "अक्का, नवरी चालली जनू."

तू म्हणालीस, "हौसे, जलमभर महिन्याला गोठ्याच्या कडंला बसले. कावळा शिवला, कावळा शिवला करत म्हातारी झाले. आता देवीच्या उशाला बसते. मला कोन उठवतंय बघतेच."

तेव्हा हे बोलणं मला लई आवडलं होतं. आता आठवलं की अंगावर काटा येतो. त्या जागेवरून कोणी उठवू नये, म्हणूनच गप्प राहिलीस ना?

संक्रांतीला तुला परत लाल दिसलं. हे मला तेव्हा कुठं ठाऊक! मला एवढंच दिसायचं की तू ओढ्यावर एकटीच धुणं घेऊन जातेस आणि बसताना एका अंगावर बसतेस. मी विचारलं, तर म्हणालीस, "मूळव्याध झालीया. बोंबलू नगं."

मूळव्याध! मी खुळी, सुरणासाठी पारनेरचा बाजार पालथा घातला. मळ्यातल्यांच्या दारात जाऊन ताक मागितलं. तू मुकाट्यानं सुरण खाल्लास, वरून म्हणालीस, "आज जरा बरं वाटतंय." कशाला म्हणालीस? माझं मन राखायला? मन राखलंस, आणि बाकीचं सारं घालवलंस.

चैत्रात शाळेत बायांचा कॅम्प भरला. नर्सबाई आधी दारोदार फिरली. तिला बघितलं की बाया परसातून पळायच्या, ही धरून ऑपरेशनला नेणार म्हणून. पण त्या वेळी नगरहून डॉक्टरीणबाई आली होती. ती सांगत होती, लेकरं झालेल्या सगळ्या बायांनी पिशवीचं तोंड तपासून घ्या. काही दुखत-खुपत नसलं तरी घ्या, कारण तिथला कॅन्सर आधी दुखत नाही. आणि पाळी गेल्यावर परत लाल दिसलं, एकदाच दिसलं, थेंबभर दिसलं, तरी थांबू नका. दर खेपेला वाईटच असतं असं नाही, पण बघितल्याबिगर कळत नाही. लवकर सापडलं तर पिशवी काढून टाकतात आणि बाई पुढं नातवंडं खेळवते.

आपण दोघी पटांगणात उभ्या राहून ऐकत होतो. तू माझ्या शेजारी होतीस, अक्का. तुझ्या कानावर पडलं नाही असं म्हणू नकोस!

मी आत गेले. लाज वाटली, नाही असं नाही. चादरीचा आडोसा, मास्तरांचं टेबल, त्याच्यावर आडवी पडले, डोळे मिटले. देवीचं नाव घेतलं तोवर झालंसुद्धा. बाहेर आले आणि म्हटलं, "जा अक्का, काय न्हाई हुत."

आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "माजं दुकान कवाच बंद झालंय. आता कुलूप कशाला तपासायचं?"

सारं पटांगण हसलं. डॉक्टरीणबाई हसली. मी तर पोट धरून हसले. आणि तू लुगड्याच्या आत फडकं बांधून उभी होतीस! आम्हाला हसवत होतीस! चादरीपलीकडं बाई बसलेली, फुकट बघणारी, बाईमाणूस. चार पावलं गं. चार पावलं टाकली असतीस तर काय झिजली असतीस?

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? तू काणी ओळखणारी बाई! ज्वारीच्या रानात बांधावरून चालताना तुला काणीचा रोग लागलेलं कणीस दिसायचं. आमच्या डोळ्यांना नुसती ज्वारी. दादा म्हणायचे, "एक तर हाय, ऱ्हाऊ दे." स्वतःच्या नवऱ्याचं तू कधी ऐकलं नाहीस. फडकं घेऊन आत शिरायचीस, काळं कणीस हलक्या हातानं खुडायचीस, भुकटी उडू द्यायची नाहीस, आणि घरी आणून चुलीत. "एक हाय तवरच एक हाय," म्हणायचीस.

मग अंगातली काणी कशी दिसली नाही? दिसली होती की! रान घराण्याचं, म्हणून राखायचं. अंग तुझं एकटीचं, म्हणून सोडून द्यायचं. असंच ना?

त्या साली पावसानं तोंड फिरवलं. आपण दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागलो. तू रांगेच्या शेवटाला बसायचीस, खाली पोतं घालून. एक दिवस उठलीस तेव्हा पोत्यावर डाग होता. मी म्हटलं, "अक्का, मूळव्याध लई वाढली गं." तू पोत्याची घडी घातलीस आणि म्हणालीस, "उन्हानं." मुकादम हाका मारत होता, खायची सुकडी वाटायला आली होती. तू माझ्याआधी जाऊन रांगेत उभी राहिलीस आणि बोलणं तिथंच राहिलं.

आणि तशातच दुसऱ्या वर्षी घटी बसलीस! नऊ दिवस! मी फराळाचं घेऊन यायचे तर तू खांबाला टेकलेली असायचीस. ओठ पांढरे. मला वाटायचं, उपासानं. दसऱ्याला घटात धान उगवलं ते बोटभर आणि पिवळं. विहिरीला पाणी नाही, घटाला कुठलं! लोकांनी तेवढंच टोपीत खोवलं आणि गेले. तू पायऱ्या उतरायला लागलीस, तिसऱ्या पायरीवर खाली बसलीस, ती आपली आपण उठलीच नाहीस.

नगरच्या दवाखान्यात तीच डॉक्टरीणबाई होती. तिला तुझं दुकान आठवलं. पण या खेपेला हसली नाही.

"कधीपासून जातंय?" तिनं विचारलं.

तू माझ्याकडं बघितलंस, मग छताकडं. "संक्रांतीपासनं."

"म्हणजे आम्ही शाळेत आलो होतो, त्याच्या आधीपासून?"

तू मान हलवलीस. मी म्हटलं, "अक्का, आन मूळव्याध?" तू भिंतीकडं तोंड केलंस.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तेव्हा तोंडाशीच असेल. आता आजूबाजूला सगळीकडं गेलंय. तुमच्या जाऊबाई हुशार दिसतात हो. मग असं कसं?"

मी काय सांगणार? हुशारच होती. लपवण्यात तर लईच हुशार.

पुढचं तुला माहीत आहे, तुझ्याच अंगावर झालं. पुण्याला नेऊन विजेचा शेक दिला. दादांनी कधी पारनेरच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं, तो माणूस तुला पाठीवर घेऊन दवाखान्याचे जिने चढला. शेकानं कातडी भाजली, अन्न तोंडात ठरेना. आधी आणली असती तर याच शेकानं गुण आला असता म्हणे. हे "आधी" ऐकून ऐकून माझे कान किटले. जो तो डॉक्टर तेच म्हणायचा. मला वाटायचं, एकाच्या तरी अंगावर ओरडावं, की मला काय सांगता, तिला सांगा ना!

शेवटी शेवटी तू माझं मनगट धरून काय म्हणालीस? लेकीचं नाव घेतलंस? नवऱ्याचं? "लोकास्नी सांगू नगं. तशीच घटी बसले हुते ते सांगू नगं." मरताना पण तेच!

शालन बेलापूरहून आली ती तुझ्या अंगावर पडून विचारत होती, "काकी, आईनं मला का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, "मला तरी कुठं सांगितलं?" आणि उठून परसात गेले, कारण तिथं थांबले असते तर तुझ्या मढ्यावर ओरडले असते.

परसात बाप्ये तुझ्यासाठी गोवऱ्या काढत होते. मी म्हटलं, थांबा, मी काढून देते. बरं झालं. मागच्या अंगाला गोवऱ्यांच्या आत तुझी फडकी होती. कडक, काळी, न धुतलेली. त्या साली प्यायला पाणी नव्हतं, तू धुणार कशात? तिथं बसून मी पहिल्यांदा रडले. मग ती फडकी गोवऱ्यांच्या मधोमध दडवून पाटीत भरली आणि पाटी बाप्यांच्या हातात दिली. तुझं तुझ्याबरोबर गेलं. बघ, तुझ्यासाठी मीही लपवलं.

पण गाव ते गाव! कुठून कळलं कोण जाणे. महिनाभरात बाया विहिरीवर बोलायला लागल्या, विटाळात घटी बसली म्हणून देवीनं नेलं. एक तर म्हणाली, तिच्यापायीच पाऊस गेला. मी कळशी खाली ठेवली आणि विचारलं, "दुष्काळ साऱ्या मुलखात पडला. साऱ्या मुलखात माजी अक्का घटी बसली हुती व्हय गं?" गप्प झाली. पण तोंडं गप्प झाली म्हणून मनं गप्प होत नाहीत.

देवीनं नाही नेलं तुला. देवीला काय तुझं फडकं दिसत नव्हतं? तिच्या उशाशी तू नऊ दिवस होतीस, तिनं तुला उठवलं नाही. उठवलं असतं ते माणसांनी, आणि त्यांनाच तू भ्यालीस.

आता माझं ऐक.

माझी पाळी जाऊन दीड वर्ष होत आलं. परवा नवरात्राच्या गोधड्या धुवायला ओढ्यावर गेले. यंदा ओढ्याला पाणी आहे, तुझ्या नशिबी नव्हतं. तिथं मला लाल दिसलं. दगडावर बसूनच राहिले. पहिला विचार काय आला सांगू? कोणी बघितलं का! हाच विचार आला, अक्का. दुसऱ्या कोणाचा नाही, तुझाच विचार माझ्या डोक्यात येऊन बसला. तेव्हा कळलं तुझं काय झालं असेल. कळलं, पण राग कमी नाही झाला. उलट वाढला. कारण गोधड्या पिळून होईतोवर मी तो विचार डोक्यातून काढला. मला काढता आला, तर तुला का नाही आला?

यांना सांगितलं. हे म्हणाले, "नवरात्र हुंदे, मंग बगू."

आज सकाळी पंच ओसरीवर येऊन बसले, आणि मी आत चुलीपाशी आत्याबाईंना म्हटलं, "मला घटी बसता येनार न्हाई. परत लाल दिसलंय."

आत्याबाई चूल फुंकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग? फडकं लाव आन बस. थोरलीनं न्हाई का काडलं नऊ दिस?"

माझ्या हातातलं पीठ तिथंच राहिलं. "तुमास्नी ठावं हुतं?"

"एका घरात ऱ्हाऊन बाईला बाईचं कळत न्हाई व्हय?"

"आन तुमी बोलला न्हाईत?"

"बोलून काय करू? घराण्याचा मान गुरवाच्या घरात जाऊ दिऊ?"

ऐकलंस? तू त्यांच्यापासून लपवत होतीस आणि त्या तुझ्यापासून. एक चूल, एक घर, आणि दोघी गप्प! मी त्यांच्या हातातली फुंकणी काढून घेतली. काय करणार होते कोण जाणे. तशी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला काय ठावं असलं काय असतंय. माज्या आईचं बी असंच झालं हुतं. आमी म्हनायचो, उष्णता."

फुंकणी त्यांच्यापुढं ठेवली आणि बाहेर गेले.

इतकी वर्षं झाली, दादांपुढं मी कधी तोंड उघडलं नाही, तुला ठाऊक आहे. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, "नारळ माघारी न्या. माजी पाळी गेल्यावर परत लाल दिसतंय. अक्काला बी असंच दिसत हुतं. मी उद्या नगरला तपासायला जानार."

कोणाचं तोंड कसं झालं ते बघायला तू हवी होतीस. पंचांतल्या गुरवानं पाय आखडून घेतले, माझी सावली पडली म्हणून.

"वैनी," तो म्हणाला, "बाईमानसानं असलं चारचौघांत बोलू नये."

"मंग कुटं बोलू? सरणावर?"

हे म्हणाले, "अगं, नऊ दिसांनी काय हुतंय?"

मी यांच्याकडं बघितलं नाही. मी दादांकडं बघत होते. तू गेल्यापासून ते कोणाशी धड बोलत नाहीत. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि भावाला म्हणाले, "तिला म्हनावं, सकाळी लौकर आवर. फाट्यापतूर मी गाडी जुंपतो." मी समोर उभी होते तरी भावालाच म्हणाले. रीत रीतच राहिली.

पंच नारळ घेऊन गेले.

दुपारी परसदारानं सगुणा आली. गुरवाची बायको. विरजण मागायला आली म्हणे. तिच्या दारात दोन म्हशी, आणि माझ्याकडं विरजण! वाटीत घालून दिलं तरी हलेना. वाटीकडं बघत म्हणाली, "हौसाक्का, उद्याच्या गाडीत जागा हाय का? मला लाल न्हाई, पर पांढरं लई जातंय, वास मारतंय. आमच्या यांना सांगू नका."

मी म्हटलं, "सांगनार. तूच सांग. न्हाई सांगितलंस तर मी सांगते." ती रडायला लागली. मी समजूत काढली नाही. समजूत काढणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, "पहाटं वेशीपाशी उभी ऱ्हा."

भ्यालेय का? भ्यालेय की. अक्षर बघ कसं वाकडं आलंय. माझं काय निघेल ते निघेल. कदाचित काही नसेल, कदाचित तुझंच असेल. पण मला ते नगरला टेबलावर कळू दे, देवळाच्या पायरीवर नको.

आणि तुला शब्द देते, अक्का. माझं काहीही निघो, शालनला मी बेलापूरहून आणून तपासून घेणार. नको म्हणाली तर केस धरून नेईन. पुढच्या कॅम्पाला नर्सबाईबरोबर दारोदार मी फिरेन, आणि काही होत नाही म्हणणाऱ्या बाईलाच आधी चादरीआड धाडेन. आपल्या घरातली जी बाई घटी बसायची होईल, ती आधी डॉक्टरीणबाईपुढं जाईल, मग देवीपुढं. आणि कोणी हसून म्हणाली की माझं दुकान बंद झालंय, तर तिला तुझं नाव सांगेन. सगळं सांगेन. तू नको म्हणालीस तरी सांगेन. तुझं नाव मी आता असंच घेणार.

सकाळचं माझं फडकं अंगणातल्या दोरीवर वाळत घातलंय. लुगड्याच्या आत दडवून नाही, उघडं, उन्हात. आत्याबाईंनी दोनदा काढायला सांगितलं.

वाळलं की काढीन.

तुझी धाकटी जाऊ,
हौसा